महालातल्या वाड्यातल्या पाच ट्रंका: छोट्या इतिहास मंडळाच्या कामाचे एक प्रकरण

जूनचा शेवटचा आठवडा. नागपुरात पाऊस सुरू झालेला. महाल भागातल्या एका दोनचौकी वाड्याचा सौदा पक्का झाला आहे आणि नऊ दिवसांनी पाडकाम सुरू होणार आहे. माडीवर फुटक्या कवेलूंखाली पाच लोखंडी ट्रंका आणि एक शिसवी पेटी. वाड्यात एकट्याच उरलेल्या काकू जवळच्या इतिहास मंडळाच्या कार्यवाहांना निरोप धाडतात: "घेऊन जा न बापू, वाळवीनं खाण्यापेक्षा तुमच्याकडे राहिलेलं बरं."

हे प्रकरण स्वयंसेवकांच्या वर्गासाठी रचलेले आहे. वाडा, कुटुंब, मंडळ आणि त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. अडचणी मात्र जुन्या वस्तीतल्या कोणत्याही मंडळापुढे येणाऱ्या आहेत, आणि बहुतेकदा याच क्रमाने.

मंडळाकडे दोन खोल्यांचे संग्रहालय आणि १४ स्वयंसेवक आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले तिघे आणि महाविद्यालयातली चार मुले. नागपुरात १८६३ पासूनचा अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे, १९३४ मध्ये स्थापन झालेले विदर्भ संशोधन मंडळ आहे, राज्याच्या पुराभिलेख विभागाची शाखा आहे. तरीही एखाद्या घरातली आहेराची यादी, किराण्याची खतावणी, मुंजीचा फोटो हे कुणाच्याच कक्षेत नीट बसत नाही. ते काम गल्लीतल्या मंडळानेच करायचे असते. नाही केले तर कागद रद्दीत जातो आणि त्याबरोबर त्या गल्लीची एक पिढी जाते.

पहिले चार तास

वाड्यात गेल्यावर हात लावण्याआधी फोटो काढायचे. माडीचा एक, प्रत्येक ट्रंकेचा बंद असताना एक, झाकण उघडून एक, आणि वरचा थर दिसेल असा एक. झाकणाच्या आतल्या बाजूचाही घ्यावा. जुन्या ट्रंकांवर मालकाचे नाव किंवा आद्याक्षरे रंगवलेली असतात. या प्रकरणात ट्रंक २ वर थोरल्या पातीच्या, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेच्या, आजोबांचे नाव होते आणि ट्रंक ३ वर धाकट्या पातीच्या. त्या दिवशी ते कुणी वाचले नाही. फोटोत मात्र आले होते, आणि पुढे तेच कामी आले.

त्यानंतर प्रत्येक ट्रंकेला सुती दोऱ्याने पुठ्ठ्याची पट्टी बांधायची: क्रमांक, वाड्यातली जागा, तारीख, उचलणाऱ्याचे नाव. ट्रंक रिकामी न करता जशीच्या तशी हलवायची. आतल्या रुमालांच्या (कागद बांधलेल्या कापडांच्या) गाठी जागेवर सोडायच्या नाहीत.

काकूंनी एका कोऱ्या कागदावर "सर्व सामान मंडळास दिले" असे लिहून सही केली. जंगम वस्तूचे दान नुसता ताबा देऊनही कायद्याने पूर्ण होते, त्यामुळे तेवढे पुरेल असे कार्यवाहांना वाटले. पण वाड्यात तीन हिस्से होते आणि जे आपले नाही ते काकूंना देता येत नव्हते. तीन आठवड्यांनी पुण्याहून धाकट्या पातीच्या पुतण्याचा फोन आला: आमच्या आजोबांचे कागद कुणाला विचारून दिले?

दानपत्र एका पानाचे असले तरी चालते. त्यात चार गोष्टी हव्यात: देणाऱ्याचे कुटुंबातले नाते व हिस्सा, इतर हिस्सेदारांची संमती, वस्तूंची ढोबळ यादी आणि देण्याचा प्रकार. प्रकार तीन ठेवावेत. कायमचे दान, ठरावीक मुदतीची ठेव, किंवा फक्त नक्कल करून मूळ परत. घाईच्या वेळी ठेवीवरच घ्यावे. ठेवीचे दान नंतर करता येते. दान म्हणून घेतलेले परत करताना मात्र मनस्ताप होतो.

शिसवी पेटीत एका कापडी पिशवीत २३ तांब्याची नाणी निघाली. ती घरच्या पेटीतली, म्हणजे कुटुंबाची. हीच नाणी पाडकामात जमिनीखाली सापडली असती तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागले असते. म्हणून काकूंमार्फत पाडकाम करणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवले. मूर्ती, चित्रे किंवा सचित्र हस्तलिखिते असतील तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. या पेटीत तसे काही नव्हते.

ओले, दमट, कोरडे

मंडळात आल्यावर पहिला निर्णय वर्गवारीचा नसतो, पाण्याचा असतो. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि नागपूरच्या जुलैच्या हवेत ती थांबायचे कारणच नसते. म्हणून तीन ढीग: ओले, दमट, कोरडे.

ट्रंक ४ थेट गळत्या कवेलूखाली होती. तिच्यातल्या ४१ चोपड्यांपैकी १७ पूर्ण भिजल्या होत्या. बोरूने लिहिलेल्या जुन्या मोडी कागदांवरची काजळीची शाई उन्हाने उडत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्यात सुटतो आणि बोट लागले की अक्षर पुसते. विसाव्या शतकातल्या जांभळ्या शाईचे तर सगळे पानच रंगते. म्हणून ओले पान पुसायचे नाही, दाबायचे नाही, पाने सोडवत बसायचे नाही.

सतरा चोपड्या एकदम वाळवायला ना जागा होती ना माणसे. अशा वेळी गोठवणे हा वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे. मंडळाने आडवा डीप फ्रीजर जुन्या बाजारातून घेतला. खाण्याच्या वस्तूंचा फ्रीज यासाठी वापरू नये. प्रत्येक चोपडी बटर पेपरमध्ये स्वतंत्र गुंडाळली, कणा खाली करून उभी ठेवली, मग दर शनिवारी दोन काढून वाळवल्या. पावसात वीज जातेच. त्यासाठी सोपी युक्ती आहे: वाटीत पाणी गोठवायचे आणि बर्फावर एक नाणे ठेवायचे. नाणे तळाशी गेलेले दिसले तर मधल्या काळात फ्रीजर वितळला होता असे समजावे आणि चोपड्या त्याच दिवशी बाहेर काढाव्यात.

वाळवताना सगळ्यात मोठी चूक ओळखीचीच आहे. सांडगे, कुरडया गच्चीवर वाळवणाऱ्या घरात कागदही उन्हात टाकावासा वाटतो. उन्हाने कागद वाकडा होतो, पिवळा पडतो, पुढे घडीवर तुटतो. सावलीत वाळवायचे, तेही खिडक्या बंद करून, कारण पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. पंखा लावायचा, पण कागदाकडे तोंड न करता. दर आठ-दहा पानांनंतर टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घालायचा. छापखान्यात रिळांच्या शेवटी उरलेला कोरा कागद स्वस्तात मिळतो. छापील वर्तमानपत्र मात्र नको, त्याची शाई उतरते. पहिल्या दिवशी हे कागद तीन-चार वेळा बदलावे लागतात.

ट्रंक १ मधल्या रुमालांना कसर लागली होती. लाल खारव्याचे जुने रुमाल दिसायला सुंदर असतात, पण ओले झाले की रंग सोडतात. म्हणून कागद धुतलेल्या, कोऱ्या सुती कापडात घेतले. जुना रुमाल वेगळा जपला, कारण त्यावरच्या चिठ्ठीत त्या गठ्ठ्याचे नाव असते. कसरीसाठी गठ्ठे पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवले. फ्रीजर उणे १८ पर्यंतच जात असेल तर दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता ठेवायची, नाहीतर थंड कागदावर दव धरते आणि किडीऐवजी बुरशी लागते. काचेच्या निगेटिव्ह कधीही गोठवायच्या नाहीत.

डांबराच्या गोळ्या टाकल्या नाहीत. त्यांची वाफ बंद खोलीत काम करणाऱ्या माणसांना बाधते. बुरशी झटकताना एन-९५ मुखवटा, नायट्राइलचे हातमोजे आणि मऊ ब्रश वापरायचा, आणि काम अंगणात करायचे. दम्याचा त्रास असलेल्यांना त्या दिवशी दुसरे काम द्यावे. कोरडा, निरोगी कागद हाताळायला हातमोज्यांची गरज नाही. धुतलेले, कोरडे हात बरे, कारण मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते.

४१२ कागदांचा घोळ

पहिल्याच रविवारी दोन उत्साही स्वयंसेवकांनी ट्रंक २ आणि ३ एका सतरंजीवर ओतल्या. हेतू चांगला होता: लहान-मोठे कागद वेगळे करावेत, म्हणजे फायली नीट बसतील. दोन तासांत आकाराप्रमाणे पाच सुबक गठ्ठे तयार झाले आणि ४१२ कागदांची मूळ जागा नाहीशी झाली.

नुकसान काय झाले हे नवख्या स्वयंसेवकाला लगेच उमगत नाही. कागद तर तेच आहेत, एकही हरवलेला नाही. पण घरातल्या ट्रंकेत कागद कुणीतरी कारणाने एकत्र ठेवलेले असतात. कर्जाचे खत, त्याच्या व्याजाची चिठ्ठी आणि शेवटी मिळालेले फारखत एका गाठीत असतात, तेव्हाच कळते की हे कर्ज फिटले. तीन वेगळ्या गठ्ठ्यांत गेले की ती गोष्ट संपते. आणि इथे तर ट्रंकेवरून मालकही ठरत होता. पुण्याच्या पुतण्याला त्याच्या आजोबांचे कागद कोणते, हे मंडळाला सांगता येईना.

सुधारणा चार महिने चालली, आणि तिची पद्धत शिकण्यासारखी आहे. आधार मजकुराचा घेतला नाही, कागदाच्या अंगाचा घेतला. किडा गठ्ठ्यात शिरला की एका कागदातून दुसऱ्यात जातो. म्हणून एकमेकांवर असलेल्या कागदांची भोके जुळतात, आणि भोक कुठल्या दिशेने लहान होत जाते यावरून वरचा-खालचाही ठरतो. पाण्याच्या डागाची कड शेजारच्या कागदांवर तशीच उमटलेली असते. गाठीच्या दोरीचा वळ, चौपदरी घडी की लांब सुरळी, गंजक्या टाचणीचा ठसा, हे सगळे पुरावे आहेत. प्रत्येक कागद खिडकीच्या काचेसमोर धरून भोकांची आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि जुळणी केली. झाकण उघडून काढलेल्या पहिल्या दिवशीच्या फोटोंत वरच्या थराचे नऊ कागद ओळखू येत होते. तिथून दोरा सापडला. शेवटी २३१ कागद ट्रंक २ चे ठरले, ११८ ट्रंक ३ चे, आणि ६३ उरले.

उरलेल्यांना अंदाजाने घालायचे नाही. "ट्रंक २ किंवा ३, मूळ जागा अज्ञात, सतरंजीवर मिसळले" अशीच नोंद दाखलवहीत केली, तारखेसह. आपली चूक वहीत असणे हा संग्रहाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. पुढचा अभ्यासक त्या ६३ कागदांवर विश्वास किती ठेवायचा हे त्यावरूनच ठरवतो.

दाखलवही बांधीव असावी, पाने आधीच क्रमांकित केलेली. क्रमांक वर्ष, आवक, ट्रंक, कागद या क्रमाने. कागदावर तो मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात लिहायचा. पेन, शिक्का, स्टिकर नाही. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन या तीन गोष्टी खोलीत येऊच देऊ नयेत. टेपचा चिकट थर कागदात मुरतो आणि लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळपास अशक्य असते. शिसवी पेटीतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना सुती फितीने पट्टी बांधली. त्यांना पितांबरी लावण्याची तयारी झाली होती, ती वेळीच थांबवली. घासण्याने काळेपणाबरोबर कोरलेले नावही झिजते.

आधी मथळा, मग मजकूर

मंडळात मोडी वाचणारे तिघे. अकराशे कागदांचे पूर्ण लिप्यंतर करायला बसले असते तर वर्षे गेली असती, आणि पहिल्या पन्नासातच उत्साह संपला असता. म्हणून पहिल्या फेरीत पाचच गोष्टी: तारीख, गाव, देणारा, घेणारा, कागदाचा प्रकार. खत, फारखत, कबुलायत, रोजकीर्द, लावणीपत्रक, आहेरयादी, असे प्रकार आधीच ठरवून घेतले. मोडी वाचणारा एक आणि संगणकावर टिपणारा एक अशी जोडी. दोन तासांत पंधरा कागद होतात.

तारखेत घोटाळे होतात. एका कागदावर "सन इसन्ने तिस्सैन मया व अलफ" असे होते. ही शुहूर सनाची (मराठी दप्तरांतल्या जुन्या कालगणनेची) अरबी गणना: दोन, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९२. शुहूर वर्ष मृगाला सुरू होते. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणजे १७९१-९२, नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींचा काळ. एका स्वयंसेवकाने हाच आकडा फसली (महसुली) सन समजून ५९० मिळवले आणि १७८२ लिहिले. नऊ वर्षांचा फरक, आणि तेवढ्यात कारभारी बदलतो, तेव्हा कारभार मुधोजींकडे होता. फसलीतही दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची अशी दोन मापे आहेत, पहिल्यात ५९०-९१ आणि दुसऱ्यात ५९२-९३ मिळवतात. म्हणून नोंदीत मूळ सन अक्षरशः उतरवायचा आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात. चूक झाली तर रकाना दुरुस्त होतो, मूळ शाबूत राहते. "छ" नंतरचा आकडा मुसलमानी महिन्याची तिथी दाखवतो, हेही भिंतीवर लिहून ठेवावे.

अलीकडच्या कागदांना तारीख नसली तरी नागपूरचा इतिहास मदतीला येतो. लेटरहेडवर "मध्यप्रांत व वऱ्हाड" असेल तर तो बहुधा १९५० च्या आधीचा. नागपूरच्या पत्त्यात "मध्यप्रदेश" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा. आणे-पैचा हिशोब १९५७ च्या आसपास संपत येतो. पिनकोड १९७२ नंतरच. मालगुजारीचे (जमीनदारांमार्फत सारावसुलीचे) कागद १९५१ पाशी थांबतात, कारण १९५० च्या कायद्याने ती पद्धतच गेली. ट्रंक २ मधल्या थोरल्या पातीच्या चोपड्या अगदी तिथेच थांबलेल्या आहेत, पुढची पाने कोरी.

सावकारीच्या कागदांत कर्जदारांची नावे, जात, गहाण ठेवलेले दागिने असे सगळे असते. त्यांची नातवंडे आजही जुनी शुक्रवारी, इतवारी भागात राहतात. हे कागद अभ्यासकाला लेखी अर्जावर दाखवावेत. भिंतीवर किंवा व्हॉट्सअॅपवर नको. या बाबतीत मंडळाने जुन्या खतांवरही नावे झाकूनच प्रदर्शन केले आणि ते योग्यच झाले.

फोटोंची संध्याकाळ

ट्रंक ५ मध्ये १४० फोटो आणि ३२ काचेच्या निगेटिव्ह. एकमेकांना चिकटलेले सहा फोटो कोरडे ओढून काढायचा मोह टाळला आणि ते जाणकाराकडे देण्यासाठी वेगळे ठेवले. निगेटिव्ह प्रत्येकी चार पाखांच्या कागदी वेष्टनात, लांब कडेवर उभ्या ठेवल्या. आडव्या रचल्या तर वजनाने खालची तडकते. फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० डीपीआय. फाइलचे नाव म्हणजे दाखल क्रमांक, दुसरे काही नाही. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

ओळख पटवायला काकू आणि शेजारची सात वडीलधारी माणसे बोलावली. मूळ फोटो टेबलावर ठेवला नाही. ए-४ आकाराच्या छापील प्रती, त्यावर ट्रेसिंग पेपर, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा. संमती घेऊन आवाज ध्वनिमुद्रित केला. पहिल्या तासात एक दोष लक्षात आला: स्वयंसेवक विचारत होते, "आजी, हा जुम्मा तलावच न?" आणि उत्तर "हो, हो" येत होते. प्रश्न बदलला: "ही जागा कुठली असावी? फोटो काढणारा कुठे उभा असेल?" मग उत्तरे वेगळी आली. एक नाव दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले तरच "निश्चित" लिहायचे, एकाने सांगितले तर "सांगितल्याप्रमाणे".

बारा फोटो मारबतीच्या मिरवणुकीचे निघाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही मिरवणूक नागपूरकराला वेगळी सांगावी लागत नाही, पण फोटोचे वर्ष कसे काढायचे? बडग्यांवरून. बडगे म्हणजे मिरवणुकीतले पुतळे; ते त्या-त्या वर्षीच्या गाजलेल्या प्रश्नावर असतात आणि त्यांच्या गळ्यात पाट्या असतात. पाटीवरची अक्षरे मोठी करून वाचली आणि जुन्या वर्तमानपत्रांशी ताडली. बारापैकी सात फोटोंचे वर्ष ठरले. हे काम महाविद्यालयातल्या मुलांनी केले आणि त्यांना ते मनापासून आवडले. इतर कामांतून त्यांचे मन लवकर उडत होते. कार्यवाहांनी याची दखल घ्यायला हवी होती, ती उशिरा घेतली.

माणसे आणि कूलर

दिवाळीपर्यंत १४ चे ९ झाले. कारण शोधल्यावर कळले, की ज्येष्ठ मंडळी मोडी वाचत होती आणि मुले नुसती स्कॅनरवर उभी होती. जोड्या दर महिन्याला बदलल्या, मुलांना मोडीची बाराखडी शिकवली, ज्येष्ठांना स्कॅनर दाखवला. परीक्षांच्या मार्च महिन्यात बैठका कमी ठेवल्या. उन्हाळ्यात रविवारी सकाळी सात ते नऊ. चहा कायम ओसरीवर, खोलीत कधीच नाही. वहीत तासांची नोंद होऊ लागली, आणि मुलांना प्रमाणपत्र देताना तीच उपयोगी पडली.

एप्रिलमध्ये अनपेक्षित गोष्ट झाली. पावसाळाभर जपलेल्या ट्रंक १ च्या गठ्ठ्यांवर बुरशी दिसली, तीही भर उन्हाळ्यात, बाहेर ४३ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी असताना. आधी आर्द्रतामापकावरच शंका घेतली. त्याची परीक्षा घरी होते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर चिखलासारखे करायचे, मापकाबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. मापकाने ७५ टक्क्यांच्या जवळ दाखवायला हवे. त्याने ७४ दाखवले, म्हणजे मापक ठीक होता. मग तो खोल्यांत ठेवला. मागच्या खोलीत २६ टक्के, आणि कागदांच्या खोलीत ७१.

कारण खिडकीत होते. स्वयंसेवकांना काम करता यावे म्हणून वाळ्याचा कूलर त्याच खोलीत लावला होता. कूलर हवा थंड करतो ती पाणी पाजूनच. दिवसभर ७० च्या वर, रात्री कूलर बंद झाला की खाली. कागद रोज फुगत होता आणि आकसत होता. विदर्भातल्या संग्रहालयाने आर्द्रतेचा हिशोब कूलरपासूनच सुरू करायला हवा. कूलर मागच्या खोलीत हलवला आणि काम तिकडे नेले. एका वेळी लागतील तेवढेच पंधरा कागद पेटीतून न्यायचे आणि नऊ वाजता परत आणायचे. कागदांच्या खोलीत फक्त पंखा. आकडा पन्नासच्या खाली स्थिरावला.

प्रदर्शन १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, संध्याकाळी सहा नंतर ठेवले. मूळ कागद चारच, बाकी प्रती. मुळांवरचा उजेड मंद, सुमारे ५० लक्स, आणि तीन महिन्यांनी ते बदलायचे. एका पाटीवर पन्नास-साठ शब्द. पुण्याचा पुतण्या आला होता. त्याच्या पातीच्या ११८ कागदांची यादी त्याला दिली. त्याने ते पाच वर्षांच्या ठेवीवर मंडळाकडेच ठेवले आणि ठेवपत्रावर तिन्ही हिस्सेदारांच्या सह्या झाल्या. ६३ कागदांच्या पेटीवर दोन्ही पातींची नावे आहेत. मोडी वाचणाऱ्यांची दुसरी फेरी तिथून सुरू होणार आहे.